हळद लागलेलं ग्राफिक्स कार्ड

५ ऑगस्ट २००७, रविवार. अर्जुनी मोरगाव.
आजपासून रोजनिशी. माणसाने आपली प्रगती लिहून ठेवावी, पुढे कामी येते.
रत्नपाल दुपारच्या पॅसेंजरने सौंदडहून आला. कॉलेजपासून दर रविवारी येतो. एकाच कीबोर्डवर आम्ही दोघं कार रेस खेळतो. डावीकडची बटनं माझी, उजवीकडची त्याची. आज परत तोच जिंकला. ऐन वळणावर माझी गाडी अडकते. शांतपणे विचार केला तर मी हरतच नाही, फ्रेम अडकतात. दोष कॉम्प्युटरच्या ग्राफिक्सचा आहे.
चेतना (धाकटी बहीण, बी.ए. फर्स्ट इयर, तोंड फायनल इयर) म्हणाली की स्क्रीन एकच आहे, मग रत्नपालदादाची गाडी काऊन नाही अडकत. तिला टेक्निकल विषयात गती नाही.
निश्चय: ग्राफिक्स कार्ड घेणे. पूर्ण अभ्यास करून.

९ ऑगस्ट
सायबर कॅफेत रिव्ह्यू वाचायला बसलो. अर्धं पान उघडलं आणि लोडशेडिंग. पण जाणकाराला अर्ध्या पानातही बरंच कळतं. घेण्यासारखी कार्डं दोनच. एकाचा डबा लाल, दुसऱ्याचा हिरवा. लालचा पंखा मोठा, हिरव्याची मेमरी जास्त.
निर्णय झाला. लाल.

१२ ऑगस्ट, रविवार
हिरवा.
रत्नपाल आला. त्याला सांगितलं, कार्ड येईपर्यंत रेस बंद. हलक्या ग्राफिक्सवर खेळून हात बिघडतो. तो म्हणाला, जुन्या गेमले काय झालं घनश्याम, चालून तर राहिला. मग मी त्याला मेमरी आणि पंखा हा सगळा विषय मुळापासून समजावला. तो मान हलवत हाव हाव करत राहिला आणि चहा पिऊन परतीच्या गाडीने गेला. विषय त्याला पटला असावा.

२६ ऑगस्ट, रविवार
लाल. कारण उन्हाळा. ज्यांनी हिरव्याचं कौतुक लिहिलं त्यांनी मे महिन्यात आमच्या टिनाखाली बसून दाखवावं.
रत्नपाल आला. कॉम्प्युटरवर आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर होतं, ते मी काढलं नाही. मोह वाईट. तो कव्हराकडे पाहत चिवडा खात बसला.

१० सप्टेंबर
चेतना म्हणते, कार्ड घ्यायच्या आधी कॅबिनेट उघडून आत जागा आहे का पाहून घे. ती काय बोलते तिलाच कळत नाही. कॅबिनेटवर दुकानाचा वॉरंटीचा स्टिकर आहे. वॉरंटी केव्हाच संपली, पण स्टिकर शाबूत आहे. तालुक्यात एवढी निगा कोणी राखली नसेल. शिवाय आतलं मला तोंडपाठ आहे. मासिकात फोटो पाहिला आहे.

२३ सप्टेंबर, रविवार
रत्नपाल रेल्वेत लागला. बिलासपूरला ट्रेनिंग. आमच्या गावच्या मंडईची जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार. पेढे घेऊन आला. रेल्वेत काय, कोणीही लागतं. ग्राफिक्स कार्डाचा इतका अभ्यास केलेला माणूस जिल्ह्यात दाखवा म्हणावं. पेढा घशाखाली लवकर उतरला नाही. कोरडा होता.
तो म्हणाला, आता थोडेच रविवार राहिले, चल, आज एक रेस लावू. मी जाहीर केलं की शेवटची रेस मंडईच्या दिवशी, नव्या कार्डावर. दिवाळीनंतरच्या मंडईला घरोघरी लेकी-जावई येतात, गावात पाय ठेवायला जागा नसते, रात्री नाटक असतं. हरवायचं तर चार लोकांसमोर. तो म्हणाला, मंग तोवरचे रविवार कायले वाया घालवाचे. मी त्याला म्हटलं, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नये.

१४ ऑक्टोबर, रविवार
हिरवा. आता बदल नाही.
लवकर येणारा हलका धान निघाला तसे बाबा मऊ झाले. आईनेही शब्द टाकला. म्हणाली, पोरगं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एवढे दिवस टिकून राहिलं, घेऊन द्या एकदाचं. असं कौतुक ऐकलं की बरं वाटतं.
रत्नपाल आला होता. आज त्याने गेमचं नावच काढलं नाही. चेतनाशी बिलासपूरबद्दल बोलत बसला.

२१ ऑक्टोबर, दसरा
गोंदियाला जाऊन मुहूर्तावर कार्ड आणलं. लाल. हिरवा संपला होता, पण मन आधीपासून लालवरच होतं. दुकानदार ईश्वरदास शेठने विचारलं, मदरबोर्ड कौनसा है आपका. मी नुसता हसलो. एवढा अभ्यास करून आलेल्या गिऱ्हाइकाला काय विचारावं हे यांना कळत नाही.
घरी येऊन लावायला बसणार तर आई आडवी आली. आमच्या घरी नवी मशीन लक्ष्मीपूजनात पुजल्याशिवाय सुरू होत नाही. बाबांच्या दुकानाचा वजनकाटा झाला, शेतावरची मोटर झाली, सगळं आधी पाटावर बसतं. बाबांनी एकदा फवारणीचा पंप तसाच चालवला आणि तो बंद पडला, ही गोष्ट आईने परत सांगितली. मी वाद घातला नाही. मंडई दिवाळीनंतरच आहे. सगळं वेळेत बसतं.

२८ ऑक्टोबर, रविवार
रत्नपालच्या हातात डबा दिला. बंदच. तो म्हणाला, जड आहे. मी म्हटलं, असणारच. बराच वेळ दोघंही डब्यावरचा फोटो पाहत बसलो. चांगला रविवार गेला.

९ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
पूजा जोरात झाली. आईने डब्यावर हळदीची पाच बोटं उमटवली. मग म्हणाली, लक्ष्मीले दिसलं पाहिजे, आतलं बाहेर काढ. कार्डाला हळद, कुंकू, झेंडूचं फूल. बाबांनी पंख्यावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. अक्षता टाकताना थोड्या पंख्यात गेल्या. फुंकर मारली की निघतील.

१० नोव्हेंबर, पाडवा
स्टिकर फाडला. जिवावर आलं.
आत धूळ, एक वाळलेली पाल आणि बोर्ड. कार्ड ज्या लांब खाचेत बसतं ती खाच बोर्डावर नाही. दुसऱ्या खाचेत घातलं, बसत नाही. उलटं करून पाहिलं. कार्ड चांगलं आहे, बोर्ड कमी पडला. चेतनाने विचारलं, आतलं तोंडपाठ होतं ना. मी म्हटलं, मधल्या काळात कंपनीने बदललं असेल. बंद कॅबिनेटमध्ये घुसून का, असं तिने विचारलं. तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

१३ नोव्हेंबर
गोंदिया. कार्ड परत करायला. ईश्वरदास शेठने डबा फिरवून पाहिला, पंख्याला बोट लावलं, काउंटरवर तांदूळ पडले. म्हणाले, हल्दी लगा हुआ माल वापस नहीं होता, भैया. मी म्हटलं, धुऊन आणतो. ते म्हणाले, वो तो बिल्कुल मत करना. मग त्यांनी सांगितलं, नवा बोर्ड घ्या, त्याला चालेल असा प्रोसेसर घ्या, त्याला लागणारी रॅम घ्या. म्हणजे कार्डाला शोभेल असा दुसरा कॉम्प्युटर. सल्ला वाईट नाही.
येताना गाडी सौंदडला थांबली. मी फलाटाच्या उलट्या बाजूला तोंड करून बसलो. त्या बाजूला हवा चांगली येते.

१५ नोव्हेंबर, मंडई
रत्नपाल येताना दिसला तसा मी कोठीत धानाच्या पोत्यांमागे गेलो. चेतनाला म्हटलं, सांग, बाहेरगावी गेला. लपलो नव्हतो. पोत्यांना उंदीर लागले का ते बघायचंच होतं.
तो म्हणाला, मंग थांबतो. आणि खरंच थांबला. पाहुणे आले, जेवले, गेले. त्याने करंज्या खाल्ल्या, बाबांशी पिकाबद्दल बोलला. कोठीत सगळं ऐकू येतं. नाटकाची घंटा झाली तेव्हा उठला. आईने नाटकाला थांब म्हटलं तर सकाळची गाडी आहे म्हणाला. जाताना चेतनाला सांगितलं, घनश्यामले सांगजो, मी कार्ड पाहाले नव्हतो येत.
मला बाहेर यायचं होतं. फार यायचं होतं. पायाला मुंग्या आल्या होत्या, पोत्यांमागे जागा कमी आहे.

१८ नोव्हेंबर, रविवार
दुपारची पॅसेंजर वेळेवर आली. सहज स्टेशनपर्यंत जाऊन आलो. चढणारे सगळे मंडईला राहिलेले पाहुणे, ओळखीचं कोणी उतरलं नाही.
घरी येऊन कव्हर काढलं. जुना गेम, जुनेच ग्राफिक्स. सवयीने दोन खेळाडू निवडले गेले. मग डाव्या हाताने माझी गाडी चालवली, उजव्या हाताने रत्नपालची. चेतना दारात येऊन उभी राहिली, मग परत गेली.
फ्रेम कुठंच अडकली नाही. रत्नपाल जिंकला.