दिगंबरनं ऐकलेलं संगीत

रविवार, मे महिना. संध्याकाळ.

आज मी नीचपणा केला. आमच्या आवडत्या अंतराळ मालिकेचं संगीत ऐकायला चौघं माझ्याकडं जमलो होतो. दिगंबर बिडकीनहून आला. त्या धुनेमागचं बारीक व्हायोलिन शाळेत असताना त्यानंच आम्हाला ऐकायला शिकवलं. दुष्काळात त्याची मोसंबीची बाग वाळली, जमीन कारखान्यांत गेली आणि तो तिथंच पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर कामाला लागला. मशीनच्या दणदणाटात कान गेले की काय, ही शंका मला होतीच. व्हायोलिनबरोबर गुडघ्यावर चालणारं त्याचं बोट आज भलतीकडंच चाललं होतं.

बाकीचे दोघं चहा करायला आत गेले आणि मी गुपचूप स्पीकर बंद केला. बोट चालूच. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर सुख. कशाला केलं मी हे? खात्री करून काय मिळवायचं होतं?

त्यानं डोळे उघडले तेव्हा मी मोठ्यानं विचारलं, "कसं वाटलं?"

"लई भारी. ते व्हायोलिन तर!"

निघताना फाटकापाशी त्यानं माझा हात धरला. "स्पीकरचा दिवा विझलेला दिसला मला. त्या दोघांना सांगू नको. मंग मला कोणी बोलावणार नाय."