दुधातले खिम्याचे गोळे

पनवेल, २ मे १९९४

चि. सौ. दिपास,

अनेक आशीर्वाद. मांसाच्या रश्शात दूध घालणं हे आपल्या शास्त्रात विरुद्धाशन आहे. तुझ्या स्वीडिश सासूबाईंनी ते तुला राजरोस शिकवलं, याचा मी रीतसर निषेध नोंदवतो.

तरीही तू धाडलेली कृती समोर ठेवून काल मी त्यांचे खिम्याचे गोळे केले. खिम्यात दुधात भिजवलेला पाव घातला, गोळे लोण्यावर परतले, त्याच भांड्यात मैदा आणि साय घालून रस्सा केला. त्यांच्या लाल आंबट फळांच्या जागी करवंदांचा मुरंबा घेतला. हात सवयीने आल्या-लसणाकडे गेला, तो आवरला.

भांडी घासायला आलेल्या कृष्णाबाईंनी चाखून विचारलं, "सर, घरात कुनी आजारी हाय काय?" मला फार बरं वाटलं. मग मी एक खाल्ला. मग आणखी सात.

तुझी आई गेल्यावर खिम्याचे गोळे तुला मी शिकवले होते. आता तू लिहितेस, 'ब्रिटाआईंच्या हाताला तोड नाही.' त्या बाईंशी माझं भांडण नाही. नुसता मत्सर आहे.

पोस्टात टाकायचं पत्र वेगळं लिहिलंय. त्यात स्तुती आहे आणि 'बाळंतपण खुशाल तिकडे कर' असंही आहे. पण पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, दिपा. या घरात आता आई नाही, नुसता बाप आहे, म्हणून तू येत नाहीस का? मला त्याचीच भीती वाटते.

तुझा,
बाबा