जॅमचा परवाना

३ मार्च, सकाळी
ही गेल्यापासून घरात बसवत नाही. म्हणून निर्णय घेतला: हिचा जॅम विकायचा. सुरुवात नियमांपासून करणार. लोक आधी दुकान थाटतात आणि मग फसतात. पुस्तिका आणली. सोपी वाटते. महिन्याभरात परवाना.

मुलीचा फोन. हिच्या हातच्या जॅमची शेवटची बाटली फ्रिजमध्ये आहे, तिला हात लावू नका बाबा, मी मेमध्ये आले की मिळून उघडू, म्हणाली. मी म्हटलं, धंद्यात मी भावना आणत नाही.

११ मार्च
लेबलवर घटक उतरत्या वजनाने लिहायचे. हिने कधी वजन केलंच नाही. मेव्हणीला विचारलं. म्हणाली, ताई नजरेने मोजायची भावोजी, आणि तुम्ही तेव्हा पेपर वाचत होतात.
लेबलवर 'अंदाजे' चालतं का, ते बघायचं.

१२ मार्च
चालत नाही.

१९ मार्च
पहिली बॅच करपली. दोष पातेल्याचा. दुसरी पातळ झाली. सरबत म्हणून विकता येईल, पण त्याला वेगळा परवाना. तिसरी बरी वाटली, परवान्याच्या कचेरीत तपासणीसाठी नमुना म्हणून दिली.

२ एप्रिल
नापास. बुरशी. अधिकारी बाई म्हणाल्या, काका, हे घरच्यांना तरी देऊ नका. मी म्हटलं, घरी कोणी नाही. त्यांनी बाजूला ठेवलेला अर्ज परत उघडला. मग म्हणाल्या, सोमवारपर्यंत नवा नमुना आणा, नाहीतर अर्ज बाद.

सोमवार, दुपारी
सकाळपासून येरझाऱ्या. फ्रिज उघडला, बंद केला, परत उघडला. नीट विचार केला तर नमुना उत्तमच हवा. शिवाय तपासायला असा कितीसा लागणार? चमचाभर. बाकीचा परत मिळेल. मुलीला कळणारही नाही.
बाटली देऊन आलो.

२१ एप्रिल
पास! बाईंनी स्वतः फोन केला. काका, काय सुधारणा आहे, आता अगदी असाच करत राहा, म्हणाल्या. म्हटलं, प्रश्नच नाही.
उरलेला जॅम मागितला. तपासलेला नमुना नष्ट करतात, म्हणाल्या. पुस्तिकेतलं पानही सांगितलं. ते पान मी दोनदा वाचलं होतं.

२२ एप्रिल
मुलीला सांगून टाकलं. ती म्हणाली, चव कशी होती, ते तरी लिहिलंय का बाबा?
रिपोर्ट वरपासून खालपर्यंत पाहिला. साखर आहे, आम्लता आहे, बुरशी नाही. चवीचा रकानाच नाही.
उत्तम, असं लिहिलंय म्हणून सांगितलं.