पन्ना कोटा चाकूरपर्यंत टिकतो

१ जुलै २०२४, सोमवार

पंचशीला लुंबिनीला घेऊन लातूरला रूम करून राहिली त्याला वर्ष झालं. नीटची परीक्षा होईस्तोवर आणखी एक वर्ष. लोह्यात जो तो विचारतो, साहेबराव, बायकोपोरीवाचून एकट्याला करमतं का. मला तर वेळ पुरत नाही. आजपासून नवा प्रोजेक्ट: जगातली सगळी डेझर्ट घरच्या घरी. मोबाईलवर सगळं असतं. पुढच्या मे महिन्यात मायलेकी परत येतील तेव्हा टेबलावर अख्खं जग मांडून ठेवायचं. टेबल घ्यायचं आहे.

फ्रिज फार घरघर करतो. मेकॅनिकला सांगणे.

३ जुलै

इटलीपासून सुरुवात. पन्ना कोटा. दूध, साय, साखर आणि जिलेटिन. किराणावाल्या ईश्वरप्पाला जिलेटिन मागितलं तर म्हणतो, सुरुंगाच्या कांड्या? विहीर कुठं पाडून राहिलाव? शेवटी चायना ग्रासवर भागवलं. एकदम सोपी रेसिपी. लोक उगाच बाऊ करतात.

४ जुलै

सेट झाला नाही. म्हशीचा दोष.

७ जुलै, रविवार

जमला. म्हणजे जमल्यासारखाच. स्टीलच्या डब्यात भरला, फडक्यात बांधला आणि सकाळच्या लातूर गाडीच्या कंडक्टरच्या हवाली केला. लातूरला शिकणाऱ्या पोरांचे डबे लोह्याहून असेच जातात, पण इटलीचा हा पहिलाच. आडवा करू नका म्हणून बजावलं.

संध्याकाळी लुंबिनीचा फोन. पप्पा, बासुंदी छान होती, जरा आंबट लागली.

माझ्या हिशेबाने पन्ना कोटा चाकूरपर्यंत टिकतो. त्यापुढे गाडी फार हिसके देते.

१० जुलै, सकाळ

भूकंप झाला. सातच्या पुढे. भांडी वाजली, मी अंगणात पळालो. त्र्याण्णवला किल्लारीचा धक्का बसला तेव्हा आमची सगळी गल्ली कितीतरी दिवस बाहेर झोपायची, एकमेकांच्या अंथरुणांना पाय लागायचे. आज शेजारचे बाहेर आले, मोबाईल बघितला, आत गेले. मी बराच वेळ उभा होतो.

पंचशीलाला फोन लावत बसलो. उचलला एकदाचा. तिला काही जाणवलंच नव्हतं. हाव का, म्हणाली, मी पोळ्या लाटून राहिले, नंतर बोलते. एवढ्या सकाळी पोळ्या कशाला, तर आसपासच्या क्लासच्या पोरांना जेवण देते म्हणे. पोरांची दया येत असेल. भूकंपाला घाबरलेली असणार, पण दाखवत नाही.

फ्रिजमधला नवा पन्ना कोटाही सेट झाला नाही. कारण उघड आहे.

२० ऑगस्ट

तुर्कस्तान. बक्लावा. कागदासारखे थर लागतात. मी कालच्या पोळ्या घेतल्या, पिस्त्याऐवजी शेंगदाणे, वरून पाक. ऑफिसात नेला. शिपाई निवृत्तीने दोनदा घेतला आणि म्हणाला, साहेब, मलिदा लई भारी. त्याला बक्लावा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि उरलेला मलिदा घरी नेऊ का म्हणाला.

लातूरचा डबा परत आला. आत तिळाची चटणी. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही पंचशीलाची पद्धत. डब्यात चटणी होती तोवर चटणी-भाकरीच खाल्ली. प्रोजेक्ट तेवढा थांबला.

मेकॅनिक आला होता. परत पाठवला. आवाज बंद केला तर फ्रिज चालू आहे हे कळणार कसं?

२९ सप्टेंबर, रविवार

स्वतः लातूरला गेलो. मांडीवर तिरामिसू. कॉफीत बुडवलेले टोस्ट, वर घोटलेली साय. थोडा पँटला लागला.

रूममध्ये पोरंच पोरं. पंगत बसलेली. पंचशीला पदर खोचून वाढून राहिली होती, पोरांशी हसून बोलून राहिली होती. इतकं हसताना तिला कधी बघितलं ते आठवेना. कामाचा ताण असणार. एका पोराने मला विचारलं, काका, तुम्ही नवीन मेंबर का? मला दुसऱ्या पंगतीला बसवलं. तिरामिसू एकेक चमचा सगळ्यांच्या ताटात गेला, वरणाच्या शेजारी.

लुंबिनीची टेस्ट होती. जिन्यातच भेटली. पप्पा, वाळलाव तुम्ही, म्हणाली. कसला वाळतो, रोज डेझर्ट खातो. निघताना पंचशीला गाडीपर्यंत आली असती, पण गॅसवर भात होता.

२४ नोव्हेंबर

डबा रिकामा आला. गडबडीत राहिलं असेल.

१३ जानेवारी २०२५

जपान. मोची. मोदकाच्या पिठीची केली. निवृत्तीच्या दाताची कॅप निघून आली. पुढच्या देशांना तो हात लावणार नाही म्हणे.

लातूरला मोची पाठवता आली नाही. मागचा डबा तिकडेच राहिला आहे. फोनवर विचारलं तर पंचशीला म्हणाली, त्यात मीठ भरून ठेवलंय.

४ मे, रविवार

नीट झाली. लुंबिनी म्हणते पेपर अवघड होता, बघू. सुटलो एकदाचे. बारा तारखेला बुद्ध पौर्णिमा, म्हणजे दोघी येणारच, वेगळं विचारायची गरज नाही. टेबल घेतलं. चार खुर्च्यांचं. इटली, तुर्कस्तान, जपान मी करणार. खीर पंचशीला करेल.

११ मे

नांदेडच्या केक-सामानाच्या दुकानातून खरं जिलेटिन आणलं. पन्ना कोटा फ्रिजमध्ये ठेवला. आता फक्त भूकंप नको.

संध्याकाळ. पंचशीलाचा फोन आला. पौर्णिमेला लातूरच्याच विहारात जाणार, खीर तिकडेच, पोरांसाठी. लुंबिनी आणखी एक वर्ष रिपीट करायचं म्हणते. ठीक आहे म्हणालो, शिक्षण महत्त्वाचं. वर्ष काय, बघता बघता जातं. मग ती म्हणाली,

"अहो, रागाला येऊ नका. पोरीचं झालं तरी मी लगेच काही यायची न्हाई. मला इथं लई बरं वाटून राहिलंय. जूनपासून मेसला पोरं वाढणार. तेवढा आपला फ्रिज पाठवून द्या."

मी म्हणालो, खुशाल ने. तसाही घरघर करतो.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

विहारात जाऊन आलो. घरचे आले न्हाईत का, असं सगळ्यांनी विचारलं. पोरीचा अभ्यास, म्हणालो. खीर घेतली. पंचशीलाची जास्त दाट असते.

१३ मे, सकाळ

शेजारच्या फारूकभाईने टेम्पो लावला. फ्रिज रिकामा केला. पन्ना कोटा ताटलीत उलटा केला तर तो उभा राहिला. हलला, पण मोडला नाही. ताटली घेऊन बाहेर पळालो. फारूकभाई फ्रिजला दोरी आवळून राहिला होता. अच्छा बना है, म्हणाला, आणि ऊन व्हायच्या आत निघतो म्हणाला. पंचशीलाला फोटो पाठवला. ब्लू टिक आली. स्वयंपाकात असेल.

पन्ना कोटा ठेवायला आता जागा नव्हती. नव्या टेबलाशी बसून सगळा एकट्यानेच खाल्ला. खोटं कशाला लिहू, रडू आलं.

संध्याकाळ

ऑफिसातून आलो. पंचशीलाचा मेसेज: फ्रिज पोचला. चांगला चालतो. इथं अजिबात आवाज करत न्हाई.

इकडेही कसलाच आवाज नाही.