पाहुणे पाचव्या कुंडात

सगळ्यांत आधी आला तो आपला गावप्रमुख, आणि तोही सणासुदीचा धुतलेला घो अंगरखा घालून. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी शिजतंय. पण थांब, आधी रीत. धाकट्या भावा गेम्बो, तुला आणि वहिनीला थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? माझे गुडघे झकास. (प्रौढांच्या वर्गात शिकलेल्या चार अक्षरांवर हे पत्र रेटतेय. अडलं तर वहिनीला विचार, तिला माझं बोलणं न वाचताही कळतं.)

आम्ही म्हाताऱ्या यंदाही महिनाभर गरम झऱ्यांवर तंबू ठोकून आहोत. नदी काठाकाठाने गोठलीये, नेसायची किरा वाळत घातली तर फळीसारखी उभी राहते, आणि आम्ही सांध्यांच्या कुंडात गळ्यापर्यंत! तर प्रमुखाच्या मागून थिंफूचे तीन साहेब आले. आमच्याच कुंडाभोवती परदेशी पाहुण्यांसाठी काचेचं हॉटेल बांधायचं म्हणे, आणि आम्हाला बाहेर एक नळ. चाळीस हिवाळे ज्या पाण्याने मला चालतं ठेवलं, त्याचा नळ! साहेब म्हणाले, "आजी, आम्हाला इथला अनुभव विकायचाय." माझी जाऊ पेल्डेन पाण्यातूनच म्हणाली, "मग माझे गुडघे न्या की, अनुभव त्यांच्यातच आहे."

थोरल्या साहेबांना आमच्यासोबत डुंबायचं नव्हतं. खाली बघतात तर पाचवं कुंड, ऐसपैस आणि रिकामं. म्हणाले, "तिथे कोणी उतरत नाही, म्हणजे ते मोठ्या लोकांचं असणार." गेम्बो, पाचवं! जिथे तू तुझ्या घोड्यांच्या खरचटलेल्या पाठी शेकतोस ते! प्रमुखाने तोंड उघडलं, "दाशो साहेब, ते जरा..." तर साहेब कडाडले, "मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये!" आता दाशोंनीच गप्प केल्यावर आपण कोण बोलणार? (मी लोणीचहा नेऊन दिला. तेवढी माणुसकी आहे माझ्यात.)

तासाभराने साहेब टोमॅटोसारखे लाल होऊन बाहेर आले. म्हणाले, "या पाण्याला काय दमदार वास आहे! अस्सल खनिजं!" धाकट्या साहेबांनी ते लिहून घेतलं. मधल्यांना पाण्यात एक लांब केस सापडला, तो त्यांनी कुठल्यातरी तपस्व्याचा समजून कपाळाला लावला. हॉटेल आता पाचव्या कुंडावर होणार, आमचं कुंड आमचंच. पेल्डेन तर पाण्यातच नाचली. बाकी सगळं क्षेम.

तुझी ताई,
सिथार

ता. क. पत्र खरं याचसाठी लिहिलं: कागदावर सही होईपर्यंत तुझे अकराही घोडे घरीच बांध. ती म्हातारी घोडी आपली आपण वाट काढत येते, तिला दोन दोर लाव.

आणखी एक. सही झाली की सगळ्यांना खुशाल घेऊन ये. बिचारे इतकी वर्षं उघड्यावर शेकतात, त्यांच्याही डोक्यावर काचेचं छप्पर येतंय. साहेब सही करायला येणार आहेत बाराव्या महिन्याच्या दशमीला, सकाळी.