निळ्या झग्यातली मुलगी आणि तुझी बोटं

आई, आज ऑफिसात जेवताना शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मोबाईल नाचवत आली. "ए, हे बघ ना यार, झकास आहे!" ऑलिम्पिकमध्ये बर्फावरच्या स्केटिंगात बायकांनी एकेरीत जिंकलेल्या सुवर्णपदकांचा व्हिडिओ होता. पहिली बाई काळ्या-पांढऱ्या चित्रातली, सलग तीन ऑलिम्पिक जिंकलेली. मग रंगीत काळातली, दोनदा जिंकलेली. आणि मग निळ्या झग्यातली आपली कोरियाची मुलगी आली, आणि माझा घास तोंडातच राहिला.

आठवतं ती सकाळ? नाहूरच्या आपल्या खोलीत तू भाकरी थापते आहेस, माझी शाळा दुपारची आहे. टीव्हीवर ती मुलगी उडी घेते, गिरकी घेते आणि कापूस टेकावा तशी बर्फावर टेकते. गुण लागतात तेव्हा दुसरी इतकी मागे असते की समालोचक आकडा दोनदा वाचून दाखवतो. मी टाळ्या पिटते. तू मात्र पिठाच्या हातांनी उठतेस, टीव्हीच्या काचेवरून तिच्या चेहऱ्यावर हात फिरवतेस आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडतेस. "इतक्या बरां करू नये गो. नजर लागता." पप्पा चहाच्या कपाआडून म्हणतात, "अगो, तुझी बोटां मोडतली, तिका थंय काय कळूचा नाय." तू म्हणतेस, "तिची आई थंय लांब बसली हा. कोणीतरी नजर काढूक नको?" काचेवर पिठाचे दोन पंजे उमटले होते. मी पुसायला गेले तर म्हणालीस, "ऱ्हवांदे."

पुढच्या ऑलिम्पिकच्या वेळी तू मुलुंडच्या हॉस्पिटलात होतीस. सकाळी डबा घेऊन आले तर पहिला प्रश्न तिचाच. मी सांगितलं, दुसरी आली, आई. एकदाही पडली नाही, तरी दुसरी. तू सलाईन लावलेल्या हाताकडे बघितलंस. बोटं सुजून जाड झाली होती, वळतच नव्हती. "बघलंस? काल मी नाय होतंय ना," म्हणालीस. मी हसले, कारण मला वाटलं तू गंमत करते आहेस. तू भिंतीकडे तोंड केलंस. त्यानंतर शिमगाही तुला दिसला नाही.

शिकलेली आहे मी आता. गुण कसे देतात, परीक्षक कसे चुकतात, सगळं मला ठाऊक आहे. नजरबिजर काही नसते, हे मी पैजेवर सांगेन. मुली उघडपणे जिंकल्या पाहिजेत, हसून, हात वर करून, असं मी आमच्या वस्तीतल्या मुलींना दर रविवारी शिकवते आणि ते मला मनापासून पटतं.

पण पदवीचा निकाल लागला त्या दिवशी पप्पा दारातच उभे होते. आपल्या घरातली पहिली पदवी. "काय झालां गो?" त्यांनी विचारलं. मी चपला काढत म्हटलं, "पास झाले." त्यांनी पेढे आणले, तेवढ्यावरही त्यांचे डोळे भरले.

मी कॉलेजात पहिली आले होते, आई. दुसरी खूप मागे होती. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.