तीनच्या खेळाचं गिऱ्हाईक

ती. ताई,

धाकटीचा नमस्कार. गुडघे कसे आहेत ते कळवू नकोस, दुखतच असणार. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू उलटं लावतेस, म्हणून लिहितेय. अक्षराला हसायचं नाही, चौथीपर्यंतचंच आहे.

तो मोठा सिनेमा आठवतो? भावजींनी जाण्याआधी सात वेळा बघितलेला (आणि शेवटच्या दुखण्यातही ‘पुढं काय होतं’ म्हणून आपलं डोकं खाल्लेलं). त्याचा दुसरा भाग कंपनीनं तिसऱ्यांदा पुढं ढकलला. आता म्हणे पुढच्या वर्षी. त्यांचं काय जातं! इथं त्या भरवशावर मालकानं नवे स्पीकर बसवले, मी लाह्यांसाठी मक्याची अकरा पोती भरून ठेवली. आता थिएटरात चिटपाखरू नाही आणि मक्याला उंदीरसुद्धा तोंड लावत नाही. डोअरकीपर सोडून गेला. ऑपरेटर अर्ध्या पगारावर आहे. मशीन अडकू नये म्हणून रोज दुपारी तीनला रिकाम्या खुर्च्यांना जुना सिनेमा दाखवतो. मालक म्हणतो, महिनाअखेरीला कुलूप. रोज एक जरी डोकं दिसलं तरी चालू ठेवीन. म्हणजे माझा एकोणीस वर्षांचा लाह्यांचा काउंटर गेलाच म्हणायचा.

आता नीट वाच, आणि मध्येच देवाचं नाव घेत बसू नकोस. आमच्या खुर्च्या स्प्रिंगच्या. माणूस उठला की आपोआप मिटतात. बारा दिवसांपूर्वी झाडायला गेले, तर शेवटच्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची उघडी. गादीला हात लावला, गरम! दुसऱ्या दिवशी तिच्या पुढच्या रांगेतली. मग तिच्या पुढची. स्प्रिंग गेली म्हणावं, तर स्प्रिंगा काय रांग लावून जातात? परवा मध्यंतरात मी लाह्यांचा पुडा काउंटरवर ठेवून पाठ फिरवली (सवयच लागलेली, गिऱ्हाईक नसलं तरी एक पुडा भरतेच). वळून बघते तर पुडा गायब, पैसे नाहीत. तेव्हा ओळखलं. फुकट खाऊन ‘लिहून ठेव’ म्हणणारा माणूस आपल्या घराण्यात एकच होऊन गेला. भीती पळाली, संताप आला. दारातूनच ओरडले, “भावजी, मेल्यावर तरी सुधारा!”

ऑपरेटर वरच्या खिडकीतून म्हणाला, “मावशी, कुणाशी बोलताय?”

“नातेवाइकाशी,” म्हटलं. तेव्हापासून तो आतून कडी लावतो.

तुझी,
धाकटी

ता.क. खरं कारण आता लिहिते. महिनाअखेरीच्या आत ये. रोज तीनला तिकीट काढून त्यांच्याशेजारी बस. मालकाला डोकं दिसेल, त्यांना सोबत होईल, माझा काउंटर वाचेल. कपाटातला त्यांचा चष्मा आण; दिसत नाही म्हणूनच पुढं सरकतायत. आज पहिली रांग झाली. पुढं नुसता पडदा आहे.

आणखी ता.क. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात आजचा पुडा गेला. जागेवर पैसे होते. सुटे, बरोब्बर. ताई, हे भावजी नव्हेत. तरी तू ये. त्याला तिकीट विचारायची एकटीची माझी छाती होत नाही.